अमेरिकेत मानसिक आरोग्याच्या अल्पकालीन क्रायसिस केंद्रांना (मानसिक संकटातल्या रुग्णाला थोडा काळ ठेवून सावरणारी केंद्रं) परवाना कोण देतं? बरीच केंद्रं 16 खाटांचीच का असतात?

परवाना राज्य सरकार देतं. देशभर चालेल असा एकच परवाना नाही. टेक्सासमध्ये ते काम राज्याच्या आरोग्य व मानवसेवा आयोगाकडे, तर इतर राज्यांत वेगवेगळ्या खात्यांकडे. मानसिक आरोग्य व व्यसनांचं काम पाहणाऱ्या साम्हसा (SAMHSA) या केंद्र सरकारच्या संस्थेने 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, पण ती परवान्याची जागा घेत नाहीत.

16 खाटांचं कारण वैद्यकीय नाहीच, पैशाचं आहे. मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना) जुन्या नियमानुसार 16 पेक्षा जास्त खाटांच्या, मुख्यतः मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या संस्थेत 21 ते 64 वयाचा रुग्ण असेल, तर केंद्र सरकारकडून त्याच्या उपचाराचे सहसा पैसे मिळत नाहीत. अपवाद आहेत, राज्यं सवलतही मागू शकतात. पण कोण कशाला झंझट करेल? सोळावर थांबतात.

रुग्णाचं पुढे काय करायचं याचा 24 तासांच्या आत निर्णय घेणाऱ्या निरीक्षण केंद्रांत तर बऱ्याचदा खाटाच नसतात, मागे रेलणाऱ्या खुर्च्या असतात. इथे परवान्याची वर्गवारी नीट तपासा, कारण खुर्चीची परवानगी म्हणजे रात्रभर दाखल करून घेण्याची परवानगी नव्हे.

तपासणीत इमारत बारकाईने पाहतात: दोरी अडकवता येईल असा हूक, कडी किंवा शॉवरचा नळ नको. त्याशिवाय चोवीस तास कर्मचारी, औषधांचा साठा, रुग्णाला बांधून किंवा कोंडून ठेवण्याबाबतचे नियम वगैरे. माझ्या मते खरा कस शेवटच्या मुद्द्यावर लागतो. कागदावर सगळ्यांचंच धोरण छान असतं.

केंद्र काढायचं असेल, तर जागा भाड्याने घेण्याआधी राज्याच्या खात्याला नकाशा दाखवा.