वडिलांच्या पाठीवर दहा वर्षांपासून मऊ गाठ आहे. ऑपरेशन केलं तर ती कॅन्सरची होते का?

नाही होत. ब्लेड लागल्याने साधी चरबीची गाठ कॅन्सरची होत नाही. हे ठासून सांगते, कारण आमच्या घरात यावरून चार वर्षांपासून भांडण चालू आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. पोळ्याच्या सुमारास बाबांच्या मांडीत लिंबाएवढी गाठ हाताला लागली. फरदडीचा कापूस वेचेस्तोवर ती संत्र्याएवढी झाली. दुखत नव्हती, म्हणून सगळे निश्चिंत. तालुक्याच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, चरबीची आहे म्हणाले आणि जागा बधिर करून अर्ध्या तासात काढली. मी विचारलं, तपासायला पाठवायची का? बाबा म्हणाले, "फेकाच्या वस्तूले काय तपासाचं?" डॉक्टरही म्हणाले, गरज नाही. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या पोळ्याला त्याच टाक्यांखाली गाठ परत आली. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पहिलाच प्रश्न, आधीच्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे? आमच्या पिशवीत फक्त बिल होतं. मग एमआरआय, जाड सुईने तुकडा काढून तपासणी, आणि निदान: लायपोसार्कोमा. चरबीचाच, पण कॅन्सर. तो फुप्फुसात जाऊ शकतो म्हणून छातीचा सीटी केला, ती साफ निघाली. या वेळी जुना व्रण आणि भोवतालचं चांगलं मांससुद्धा काढावं लागलं, दुसऱ्या मांडीची कातडी लावली. नंतर नागपूरला खोली करून पाच आठवडे रेडिएशनचा शेक घेतला. बाबा आज वावरात जातात, पण संध्याकाळी पाय सुजतो.

आणि काका अजून म्हणतात, "लोखंड लागलं नं गाठीले, म्हणून पिसाळली ते. म्या सांगतलं होतं, हात लावू नका." काका, ती पहिल्या दिवसापासून कॅन्सरचीच असणार. अर्धवट काढल्याने तिच्या पेशी त्या जागेत राहिल्या, एवढंच तुमचं खरं. दोष कापण्याचा नाही, न तपासता कापण्याचा आणि कापलेलं फेकून देण्याचा आहे. काकांचं ऐकून गावात दोघं जण गाठ अंगावर घेऊन फिरतात, त्याचा मला जास्त राग येतो.

तुमच्या वडिलांची गाठ दहा वर्षं तेवढीच असेल, मऊ असेल, बोटाने सरकत असेल तर बहुतेक लायपोमा, म्हणजे साधी चरबीची गाठ. अशा शंभर साध्या गाठींमागे कॅन्सरची एखादीच निघते. रक्तवाहिन्यांच्या, नसांच्या गाठीही बहुतेक साध्याच असतात. काही मधल्याही असतात: डेस्मॉइड नावाची गाठ दुसरीकडे पसरत नाही, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा येते. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल मांसात रुतलेली, वाढत जाणारी किंवा काढल्यावर परत आलेली गाठ मात्र आधी एमआरआय आणि सुईची तपासणी झाल्याशिवाय कुणाला कापू देऊ नका. न दुखणं ही खूण धरू नका, हे कॅन्सर बरेचदा दुखतच नाहीत. सुईची तपासणीही जिथे पुढे ऑपरेशन होणार तिथेच करा, म्हणजे सुईची वाटसुद्धा त्यांना काढता येते.

मी डॉक्टर नाही, गाठ न पाहता नक्की कोणीच सांगू शकत नाही. लहान मुलाच्या अंगावर वाढती गाठ असेल तर वरचं काही न मोजता लगेच दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या.

आणि वडिलांची गाठ काढायचं ठरलंच तर काढलेली गाठ ज्यात ठेवतात ती फॉर्मेलिनची (गाठ खराब होऊ न देणाऱ्या औषधाची) बरणी स्वतः लॅबमध्ये तपासायला पोचवा. वडील पैशाचं काही म्हणाले तरी.