आधी चारा, मग गाई

संगमनेर तालुक्यातल्या एका वाचकाने विचारलंय: चार संकरित गाई आहेत, दोन एकर ऊस आहे, हिरवा चारा सगळा विकतचा, दीड लाखाची ठेव आहे. बँक दोन लाखांचं कर्ज द्यायला तयार आहे, तर आणखी दोन गाई घेऊ का?

आत्ता नको.

तुम्ही कळवलेलेच आकडे मांडतो. गाईमागे रोज 25 किलो, म्हणजे चौघींना 100 किलो. किलोला 4 रुपये धरले तर महिन्याला 12,000 रुपये नुसत्या हिरव्या चाऱ्याचे. दोन गाई वाढल्या की त्यात 6,000 ची भर. वर 11 टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता साधारण 6,500. विण्याआधी दोन महिने गाय आटवावी लागते, म्हणजे दूध बंद, तेव्हाही हा हप्ता चालूच.

त्याऐवजी अर्धा एकर ऊस काढून संकरित नेपियर हे चाऱ्याचं गवत लावा. राहुरी विद्यापीठाचा फुले जयवंत हा वाण चालेल. एकरी 40 टन आणि 3,000 भाव धरला तर त्या उसाचे 60,000 होतात, त्यातून खर्च वजा. नेपियरचे 20 टन निघाले, तरी तेवढा चारा विकत घ्यायला 80,000 लागतात. शिवाय लागवड तीन-चार वर्षं टिकते.

खरी अडचण पाण्याची आहे. विहीर मार्चपर्यंतच चालते म्हणता. एप्रिल-मेमध्ये नेपियर खुंटेल, आणि चाऱ्याचा भाव नेमका तेव्हाच चढतो. त्यासाठी मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा, हवाच. खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) नोव्हेंबरात तुटला तर त्या 20 गुंठ्यांत नेपियरआधी मका करा. दाणा चिकात असताना कापा, कुट्टी करून पिशवीत दाबून दाबून भरा. आत हवा राहिली की बुरशी आलीच. दीड महिन्यात मुरघास तयार होतो. गाईमागे रोज 15 किलो धरले तर तीन महिन्यांना साडेपाच टन पुरतात.

उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, घालत असाल तर कमी करा. त्यातलं ऑक्झॅलेट हे द्रव्य गाईच्या अंगी कॅल्शियम लागू देत नाही. नेपियरमध्येही ते असतं, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका.

दीड लाखाची ठेव मोडू नका. बेणं, खत, मुरघासाच्या पिशव्या यांसाठी किसान क्रेडिट कार्ड वापरा. 2019 पासून ते पशुपालनालाही मिळतं, आणि वेळेवर फेडलं तर व्याज 4 टक्क्यांपर्यंत उतरतं.

पुढच्या मेअखेर विकतचा चारा निम्म्यावर आला, तर एकच गाय घ्या. तीही व्यालेली, दोन्ही वेळचं दूध समोर काढून बघून, आणि दावणीला आणताच विमा उतरवून.