आईसाठी स्वस्त आणि वापरायला सोपा डिजिटल कॅमेरा कसा निवडावा?

मेगापिक्सेलच्या, म्हणजे फोटोत किती दशलक्ष ठिपके असतात त्या आकड्याला भुलू नका. ४ बाय ६ इंचांच्या चांगल्या प्रिंटला २ मेगापिक्सेलहून थोडेच जास्त लागतात. खरा प्रश्न हाताचा आणि डोळ्यांचा आहे. स्क्रीन ३ इंचांचा असावा, बटणं ठसठशीत असावीत. माझ्या आईचं बोट फोटो काढताना दरवेळी शेजारच्या बारीक चालू-बंद बटणावरच पडायचं. शेवटी तिने कॅमेरा कपाटात ठेवून दिला, फार वाईट वाटलं. म्हणून घेण्याआधी कॅमेरा आईच्याच हातात द्या आणि काहीही न सांगता बघत राहा. झूम ऑप्टिकलच, म्हणजे भिंगाने दृश्य जवळ आणणारा बघा; डिजिटल झूम नुसतं चित्र कापून मोठं करतो. हात थरथरत असेल तर ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो धूसर होऊ न देणारी सोय) हवंच. वापरलेला कॅमेराही चालेल, फक्त त्याची बॅटरी अजून मिळते ना, ते आधी बघा.