टॅब्लेटसाठी आरडी मोडू का?

प्रश्न : मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते, पगार 22,000. संध्याकाळी चार यंत्रमागवाल्यांचे हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिते, त्याचे महिन्याला 10,000 येतात. मिस्टर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारे, आहेत, मंदीत त्यांचे कामाचे दिवस कमी होतात. घरखर्च 27,000. माझा 2017 चा लॅपटॉप जड आहे, आता फार संथही झालाय. त्या यंत्रमागवाल्यांच्या कारखान्यात जाऊनच काम उरकावं म्हणून की-बोर्ड सुटा होणारा अँड्रॉइड टॅब्लेट बघून आले. टॅब्लेट 58,000, की-बोर्ड 14,000, पेन 5,500. टॅब्लेटवर बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय आहे, रोख घेतला तर 3,000 सूट. आरडीत (बँकेतल्या दरमहाच्या ठेवीत) 1,10,000 जमलेत. मुलगी आठवीत आहे, तिलाही अभ्यासाला होईल. आरडी मोडू की ईएमआय घेऊ?

उत्तर :

ताई, दोन्ही नको. हा टॅब्लेट तुमच्या कामाचा नाही, आणि आरडीला तर हातच लावू नका.

आधी कामाचं बोलू, कारण पैशाचं उत्तर त्यातच आहे. तुमची कमाई टॅलीवर आहे आणि टॅली विंडोजवर चालतं. अँड्रॉइड टॅब्लेटवर ते सरळ बसत नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरला नेटवरून जोडून त्याचा पडदा टॅब्लेटवर बघता येतो, पण मग तो दुसरा कॉम्प्युटर घरी चालू ठेवावा लागतो, वीज लागते, दोन्हीकडे नेट लागतं. कारखान्यात माग सुरू असताना, मालक शेजारी उभा असताना नेट अडकलं तर तुम्ही काय करणार? दुकानदाराने "टॅली चालतं" म्हटलं असेल तर ते याच अर्थाने.

दुसरी गोष्ट बोटांची. तुम्ही दिवसभर एफ-5 वर पेमेंट, एफ-6 वर रिसीट, एफ-9 वर खरेदी मारता आणि रकमा उजवीकडच्या नंबर पॅडवर न बघता टाकता. या सुट्या की-बोर्डांना बहुधा नंबर पॅड नसतो, आणि एफच्या बटणांसाठी पुष्कळदा आणखी एक बटण दाबून धरावं लागतं. शंभर व्हाउचरांना, म्हणजे नोंदींना, यातच किती वेळ जाईल, ते तुम्हालाच जास्त कळेल.

तिसरी, बसायची. आपल्याकडे बऱ्याच कारखान्यांत हिशेबाची जागा म्हणजे अजूनही गादी आणि पुढे बुटकी पेटी. टॅब्लेट मागच्या टेकूवर उभा राहतो, त्याला कडक सपाट जागा लागते. मी असा टॅब्लेट 2022 मध्ये स्वतः घेतला होता. गादीवर टेकू रुतायचा, मांडीवर ठेवला की पडदा मागे कलंडायचा. चौदाव्या महिन्यात की-बोर्ड मेला. टॅब्लेट आणि की-बोर्ड जिथे चिकटतात तिथे बारीक सोनेरी टिकल्या असतात, सगळी जोडणी त्यांच्यावर. त्या पुसल्या, घासल्या, काही झालं नाही. वॉरंटी वर्षाची होती, ती संपलेली. दुरुस्ती होत नाही, नवाच घ्या, 11,000 रुपये, असं कंपनीच्या सेवा केंद्राने सांगितलं. मला त्याचा खरंच राग आला होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की की-बोर्ड ही टॅब्लेटची भेटवस्तू नाही, ती दुसरी खरेदी आहे आणि ती कदाचित पुन्हा एकदा करावी लागेल.

त्याची एक खरी चांगली बाजूही सांगतो. अशा बहुतेक टॅब्लेटना पंखा नसतो, त्यामुळे सुताचा भुसा आत ओढला जात नाही. तुमचा लॅपटॉप संथ होण्याचं निम्मं कारण हेच असेल. मागे एका कारखान्यातला लॅपटॉप माझ्यासमोर उघडला, तर पंख्यावर टॉवेलसारखा पांढरा थर बसला होता. तो काढल्यावर तेच मशीन पुन्हा नीट चालायला लागलं. पण बिनपंख्याच्या यंत्राला आपला एप्रिल-मे सोसत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ते तापतं, स्वतःचा वेग कमी करतं, कधी चार्जिंगच थांबवतं.

आता हिशेब. टॅब्लेट, की-बोर्ड, पेन मिळून 77,500. पेन ड्राइव्ह आणि प्रिंटर लावायला हब लागेल, त्याचे 2,000 धरा. झाले 79,500, रोखीची 3,000 सूट वजा केली की 76,500. आरडीतून दिले तर 33,500 उरतात, म्हणजे जेमतेम सव्वा महिन्याचा घरखर्च. आज त्याच आरडीवर तुमचं घर चार महिने उभं राहू शकतं. ज्या घरात एकाची कमाई मागाच्या चालण्यावर अवलंबून आहे, तिथे हे चार महिने म्हणजे चैन नाही.

ईएमआयचंही बघा. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं आहे. व्याजाइतकी सूट आधी दाखवतात, मग व्याज लावतात, आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुम्ही भरता. 15 टक्के दर धरला तर तो सुमारे 800 होतो. प्रोसेसिंग फी साधारण 200, तिच्यावरही जीएसटी. रोखीची 3,000 सूट गेली ती वेगळी. "नो-कॉस्ट" तुम्हाला 4,000 ला पडतो. शिवाय महिन्याला 4,833 चा हप्ता, म्हणजे संध्याकाळच्या कमाईतला जवळजवळ अर्धा भाग वर्षभर बांधलेला.

"धंद्यासाठी घेतला की टॅक्स वाचतो" असंही कुणीतरी सांगेल. तुमचं वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्या आत आहे. नव्या करप्रणालीत त्यावर कर शून्यच, मग वाचणार काय? जीएसटी नोंदणी नाही, म्हणून बिलातला 18 टक्के जीएसटीही परत मिळत नाही.

मग करायचं काय? या आठवड्यात जुना लॅपटॉप उघडून साफ करून घ्या. काही शेकड्यांत होईल. पण त्यावर विंडोज 10 असेल तर त्याचे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले, आणि 2017 चं मशीन विंडोज 11 ला बहुधा चालत नाही. तुमच्याकडे चार लोकांचे जीएसटीचे पासवर्ड आहेत, तेव्हा हा उपाय सहा महिन्यांपुरताच. तोवर दरमहा 5,000 वेगळे टाका. जमलेल्या 30,000 मध्ये ऑफिसातून निघालेला, वापरलेला पण चांगला हलका लॅपटॉप बघा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, विंडोज 11 त्याखाली घेत नाही. नंबर पॅड नसेल तर यूएसबीचा सुटा पॅड स्वस्तात मिळतो.

लेकीसाठी म्हणून हे यंत्र घेऊ नका. आठवीच्या अभ्यासाला 80,000 चं काही लागत नाही, आणि दुसऱ्यांचे हिशेब असलेलं यंत्र घरात कुणाच्याच हातात नको.

मी टॅब्लेटच्या विरोधात आहे असं समजू नका. जॅकार्ड, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या, चादरीचं डिझाईन करणाऱ्या एकाला मी असाच संच घ्यायला सांगितलं. तो व्यापाऱ्यासमोर पेनाने फूल मोठं करतो, काठ बदलतो आणि तिथेच ऑर्डर पक्की करतो. त्याचं पेन कमावतं. तुमच्या कामात पेनाला जागाच नाही.

लॅपटॉप बघायला जाल तेव्हा एका कारखान्याच्या दहा खरेदी बिलांच्या झेरॉक्स सोबत न्या. तिथेच खाली बसा, मांडीवर घ्या, दुकानदाराच्या टॅलीत दहाही बिलं टाकून बघा. पंख्याचा आवाज ऐका, चार्जर काढून बॅटरी किती उतरते ते बघा, आणि मगच भावाचं बोला.