तुमचे प्रश्न : चुलवाणाची धग आणि वीर्याचा रिपोर्ट

प्रश्न : गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं टाकायचं काम करतो. दिवाळीनंतर लागलेला हंगाम मार्चअखेर उठतो. लग्नाला तीन वर्षं झाली, पण दिवस राहत नाहीत. फेब्रुवारीत वीर्य तपासलं. संख्या ९ मिलियन, हालचाल २२ टक्के. हे धगीमुळे झालं का? काम सोडू का?
– एक वाचक, अर्धापूर, जि. नांदेड

उत्तर : धगीचा हात असू शकतो. वृषणांना अंगापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं, म्हणून ते पोटाबाहेर पिशवीत असतात. उकाड्यात ती पिशवी सैल होऊन खाली लोंबते आणि आतली उष्णता बाहेर टाकते. चुलवाणाच्या तोंडाशी तासन्‌तास उकिडवं बसलं की ही सोयच मोडते. मांड्या पिशवीला चिकटतात आणि समोरची धग थेट जांघेत येते.

रिपोर्टवरची तारीख बघा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने आणि पुढच्या प्रवासाला काही दिवस लागतात, म्हणजे एकूण तीन महिने धरा. फेब्रुवारीचा नमुना ऐन हंगामात घडलेला आहे. एप्रिलमध्ये पुन्हा तपासलं तर हंगामातलाच माल हाती येईल. फेरतपासणी जुलैत करा. मधल्या काळात टायफॉइड, डेंगी असा मोठा ताप आला तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण तापानेही संख्या पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत संख्येची खालची मर्यादा १६ मिलियन प्रति मिली आणि एकूण हालचालीची ४२ टक्के आहे. त्याखाली गेलं म्हणजे नापास असं नव्हे. कमी संख्येवरही दिवस राहतात, फक्त वेळ जास्त लागतो.

काम सोडायची घाई नको. पुढच्या हंगामात पाळी बदलून घ्या, चिपाडं लांब दांड्याने सारा, बसायच्या जागेपुढे आडवा पत्रा लावा, सैल सुती चड्डी वापरा आणि तासा-तासाने उठून सावलीत जा. बर्फ लावू नका, कातडी जळते.

पण सगळं खापर धगीवर फोडून थांबू नका. पिशवीतल्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, हे नेहमी आढळणारं कारण आहे. बहुधा डाव्या बाजूला असतं, संध्याकाळी जडपणा वाटतो, उभं राहिल्यावर हाताला शिरांचा गुंता लागतो. तुम्हाला उभं करून हाताने तपासलं नसेल तर तपासणी अर्धीच झाली आहे. पत्नीची तपासणीही जुलैपर्यंत लांबवू नका. आपल्याकडे सहसा उलटं घडतं, तिच्या चार-चार तपासण्या होतात आणि नवऱ्याची बाटली मात्र लॅबमध्ये पोचतच नाही.

प्रश्न : मे महिन्यात जिंतूरहून परभणीच्या लॅबला नमुना न्यायचा आहे. चालेल का?

उत्तर : शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून न्यायचा तर तासाभरात पोचला पाहिजे. ४३ अंशाच्या उन्हात मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवाल तर शुक्राणू मरतील आणि रिपोर्ट उगाच वाईट येईल. बाटली घट्ट बंद करून शर्टाच्या आतल्या खिशात अंगाशी ठेवा. फ्रीज, बर्फ नको. आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन टाळा. बाटली लॅबचीच घ्या. तेल, साबण, थुंकी, साधा निरोध यातलं काही वापरू नका. पहिले थेंब सांडले तर लपवू नका, शुक्राणू त्यातच जास्त असतात. एका रिपोर्टवर निष्कर्ष काढू नका, काही आठवड्यांनी दुसरा काढा.

प्रश्न : घट्ट जीन्स आणि मांडीवर लॅपटॉप टाळतो. आता जिममधला मित्र संख्या वाढवायला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे म्हणतो.

उत्तर : जीन्स, लॅपटॉपचं ठीक केलंत, त्यांचा परिणाम असला तरी थोडाच. इंजेक्शन मात्र अजिबात नको. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम देणं थांबवते आणि संख्या शून्यावरही येऊ शकते. बंद केल्यावर ती भरून यायला कित्येक महिने, कधी वर्षापेक्षाही जास्त काळ लागतो. आधीच घेतलं असेल तर कोणतं आणि किती, ते तपासणीआधी डॉक्टरांना सांगा.