मगनभाईला काय हवंय?

प्रिय पोरा,

तुझा मेल दोनदा वाचला, एकदा वैतागून आणि एकदा चहा घेऊन. पहिली तीन पानं नुसती रडारड, की ॲनिमेटेड शोमधली कॉमेडी मेली, आता कुणाला लिहिताच येत नाही, एका वाक्यात तीन रेफरन्स कोंबतात, कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारतात आणि झाला जोक. बरं. मग खाली जोडलेलं तुझं स्वतःचं पायलट, म्हणजे शोच्या पहिल्या एपिसोडची स्क्रिप्ट, उघडलं. बावीस पानं. पेन्सिल घेऊन मोजले, एक्केचाळीस जोक आहेत, त्यातले अडतीस एकाच माणसाने मारलेत आणि तो माणूस तुझ्या स्क्रिप्टमध्ये नाहीये, तो तू आहेस.

आयडिया मात्र झकास आहे हां, ते आधी सांगते नाहीतर तू पुढे वाचणारच नाहीस. आपल्या विश्वामित्री नदीतली मगर पुरात वाहत वाहत सोसायटीत येते आणि तिथेच भाड्याने राहायला लागते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जे झालं ते आपण सगळ्यांनीच बघितलंय, मगरी रस्त्यावर, मगरी पार्किंगमध्ये, आणि आपले लोक गॅलरीत उभे राहून व्हिडिओ काढतायत. हे मुंबईत बसलेल्या कुणाला सुचणार नाही, हे बडोद्याच्याच पोराला सुचणार. आणि नाव मगनभाई, वा. पण मग तो मगनभाई तोंड उघडतो आणि जीएसटीवर बोलतो, मग इन्स्टावर, मग क्रिकेटवर, मग "अरे हे तर कार्टूनमध्येच होतं" असं म्हणून आपल्याकडे बघतो. त्याच्या जागी कबूतर बसवलं तरी एक ओळ बदलावी लागणार नाही. हीच तर तुझी तक्रार होती ना रे?

म्हणून म्हणते, तुझं रडणं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की "पूर्वी किती छान असायचं" हे लोक तेव्हापासून म्हणतायत जेव्हा मी पण नव्हते. टॉम अँड जेरीचं बघ. हॅना आणि बार्बेराने १९४० पासून ती बनवली, सात ऑस्कर घेतली, आणि संवाद जवळजवळ नाहीतच, सगळा जोक मांजराच्या पाठीत आणि शेपटीत. १९५७ मध्ये एमजीएमने, म्हणजे ती ज्या स्टुडिओत बनायची त्याने, कार्टूनचा विभाग बंद केला. हे दोघे टीव्हीवर गेले, तिथे पैसा अगदीच कमी, इतकी चित्रं काढणं परवडेना, म्हणून पात्रं उभी राहून बोलायला लागली. शरीर स्थिर, फक्त ओठ हलतायत. त्यांच्या १९६० च्या फ्लिंटस्टोन्स या टीव्ही कार्टूनला तर मागून रेकॉर्ड केलेलं हसू पण लावलं होतं, म्हणजे कुठे हसायचं ते पण आम्हीच सांगतो, तुम्ही आराम करा. तेव्हाही लोक म्हणाले असतील की मेली कॉमेडी. मेली नाही, हातापायातून तोंडात गेली. आणि एकदा सगळा भार तोंडावर आला की लिहिणाऱ्याला मोह होतोच स्वतःच बोलायचा.

आता एक जोक सांगते जो मी क्लासमध्ये इतक्या वेळा सांगितलाय की तुला पाठ असेल. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या स्पंजबॉबचा पहिला एपिसोड, १९९९ चा. त्याला बर्गरच्या दुकानात नोकरी हवीय, मालकाला तो नकोय, तर त्याला घालवायचं म्हणून मालक सांगतो की जा आणि अमुक तमुक फिटिंगवालं, टर्बो लावलेलं कालथं घेऊन ये. असलं कालथं जगात नसतं. तो जातो आणि घेऊन येतो. आणि आल्यावर म्हणतो काय माहितेय, विश्वास बसेल का, दुकानात एकच शिल्लक होतं. बस. यात कुणी हुशार नाहीये, कुणी आपल्याकडे बघत नाहीये, तो पोरगा मनापासून निघाला आणि मनापासून परत आला. तो जोक स्पंजबॉबमधून काढून दुसऱ्या कुणाला देऊन बघ. टॉमला दे. नाही चालत. ज्याने हा शो काढला तो स्टीफन हिलेनबर्ग आधी मुलांना समुद्रातले जीव शिकवायचा, आणि त्याच्याकडे पूर्ण स्क्रिप्ट नसायचीच, दोनेक पानांची आउटलाइन घेऊन स्टोरीबोर्डवाले, म्हणजे चौकटी-चौकटीने गोष्ट काढणारे, बसायचे आणि चित्रं काढता काढता संवाद लिहायचे. म्हणजे जो हात ते तोंड काढतोय तोच हात ते तोंड काय बोलेल हे ठरवतोय. तू चित्रं काढतोस, चांगली काढतोस, आणि तरी बावीस पानं नुसती टाइप केलीस, एक चित्र नाही, याचा मला जास्त राग आला खरं तर.

बरं, मग बिघडतं कुठे. एक नाही, दोन-तीन गोष्टी एकमेकांत गुंततात. सिम्पसन्समधला तो शेजारी आहे ना, नेड फ्लँडर्स. सुरुवातीला तो फक्त चांगला माणूस होता, घर नीट, पोरं नीट, लॉन नीट, आणि हेच शोच्या नायकाला, होमरला, सहन व्हायचं नाही. धर्म त्यातला एक तुकडा. वर्षं गेली तसा तो तुकडाच माणूस झाला. फॅन लोकांनी त्यावरून शब्दच पाडला, फ्लँडरायझेशन. तू हा शब्द मेलमध्ये चार वेळा वापरलायस, म्हणून मी तुला माझा स्वतःचा गुन्हा सांगते, आजवर कुणाला सांगितला नाही.

मुंबईत मी एका स्टुडिओत स्टोरीबोर्ड करायचे, नाव जाऊ दे. लहान मुलांचा शो, अकरा अकरा मिनिटांचे एपिसोड. त्यात एक हत्ती होता, घाबरट पण हट्टी, म्हणजे अंधारात जाणार नाही पण जाणार नाही हे कबूलही करणार नाही, त्यासाठी पन्नास बहाणे. माझा फार लाडका होता तो. एका एपिसोडमध्ये बहाणा म्हणून त्याला एक शिंक दिली मी. चॅनेलवाल्यांनी कुठेतरी मुलांना दाखवलं, मुलं शिंकेला हसली. पुढच्या आठवड्यात नोट आली, शिंक वाढवा. मग प्रत्येक एपिसोडमध्ये शिंक. मग क्लायमॅक्सला शिंक, शिंकेने राक्षस उडाला, शिंकेने पूल पडला. तिसऱ्या सीझनला त्या हत्तीला दुसरं काही कामच उरलं नव्हतं, त्याची भीती गेली, हट्ट गेला, एक सोंड उरली फक्त. आणि हे कुणी दुष्ट माणसाने नाही केलं, मी केलं, रात्री अकरा वाजता, कारण शिंक काढायला वीस मिनिटं लागायची आणि बहाणा सुचायला दोन दिवस. सकाळी बोर्ड द्यायचे असायचे.

तर वेळ. सिम्पसन्सच्या चांगल्या दिवसांत एक एपिसोड जन्मायला आठ-दहा महिने लागायचे. एकाने ड्राफ्ट लिहायचा, मग लेखकांच्या खोलीत सगळ्यांनी मिळून तो फाडायचा, मग नटांनी टेबलाभोवती बसून वाचायचा, जिथे कुणी हसलं नाही ते परत लिहायचं, मग ॲनिमॅटिक, म्हणजे साधी चित्रं आवाजावर लावून बघायची, परत लिहायचं, रंग भरून आल्यावर परत. एका जोकला चार-पाच वेळा मरायची संधी मिळायची, उरायचा तो दणकट असायचा. आता बऱ्याच ठिकाणी सीझन आठ-दहा एपिसोडचा, खोली लहान, आणि शो बनायला लागतो तोवर लेखक घरी गेलेला. २०२३ मध्ये अमेरिकेतले लेखक १४८ दिवस संपावर गेले तेव्हा खोलीत किमान किती माणसं हवीत ही पण एक मागणी होती, उगाच नाही. (ॲनिमेशनचे बरेचसे लेखक त्या युनियनमध्ये नाहीतच, त्यांचं गिल्ड वेगळं, पण तो रडगाण्याचा दुसरा अध्याय.) मात्र नुसता वेळ हेच कारण धरलंस तर साउथ पार्क हे कार्टून तुला खोटं पाडेल, ते लोक एपिसोड सहा दिवसांत करतात. आणि ब्लुई बघ, २०१८ पासूनचा, सात मिनिटांचा एपिसोड, कुत्र्याचं कुटुंब, बापाला फक्त पाच मिनिटं पडायचंय आणि पोरी पडू देत नाहीत. मी एकटी बसून हसते. म्हणजे आजही होतंय, तू ज्या वर्षांत मेली म्हणतोस त्याच वर्षांत.

साउथ पार्क काढणाऱ्याच दोघांनी, पार्कर आणि स्टोनने, २०११ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत मुलांना एक गोष्ट सांगितली होती, ती मी तुला मराठीत देते. तुझ्या दोन सीनच्या मध्ये "आणि मग" येत असेल तर तू मेलास. "म्हणून" किंवा "पण" यायला हवं. तुझी स्क्रिप्ट अशी आहे: मगनभाई लिफ्टमध्ये अडकतो, आणि मग गरब्याला जातो, आणि मग सेव उसळ खातो. रील्स आहेत त्या, गोष्ट नाही.

आता नवव्या पानावर ये. तिथे एक ओळ आहे जी तू बहुतेक झोपेत लिहिलीस, कारण तिच्यात तू नाहीयेस. मगनभाई मेंटेनन्सचा चेक तारखेच्या आधी भरतो आणि पावतीसाठी दारात उभा राहतो, आणि पावती द्यायला कुणी येतच नाही. मी मोठ्याने हसले, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं काय झालं. अरे हाच माणूस आहे! याला जीएसटीवर बोलायचंच नाहीये, याला चांगला भाडेकरू म्हणवून घ्यायचंय. आता लाव तुझं म्हणून-पण. त्याला सोसायटीची एनओसी हवीय, म्हणून तो सगळ्यांना चहाला बोलावतो, पण कुणी येत नाही, म्हणून तो स्वतःच थर्मास घेऊन दारोदार जातो, पण त्याला बघून लोक गच्चीवर पळतात, म्हणून तो पण गच्चीवर जातो, कारण त्याला वाटतं मीटिंग तिथे आहे. बघ, एकही पंचलाइन नाही लिहिली मी.

आणि हे शिकायला तुला अमेरिकेत जायची गरज नाही रे. आपल्याच गावात, बडोदा कॉलेजात पाली शिकवणारे एक प्राध्यापक होते, चिं. वि. जोशी. १९६३ मध्ये गेले. त्यांचा चिमणराव काढून वाच. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी केलेले चिमणराव-गुंड्याभाऊ तुझ्या आजीला विचार, ती अख्खे सीन करून दाखवेल. वाचताना एकच बघ: चिमणराव स्वतः सांगतोय, अगदी गंभीरपणे, आणि त्याला एकदाही कळत नाही की तो विनोदी आहे. तो आपल्या अब्रूची काळजी करतोय. पालीचा प्रोफेसर, समोर ग्रंथ, आणि मागून हे असं निरखत बसलेला माणूस, मला फार गंमत वाटते त्याची.

टायमिंगबद्दल फार सांगत नाही, तू फाइन आर्ट्सच्या गरब्यात नाचलायस. तीन टाळीत तिसरी टाळी जरा लवकर पडली की मागचा माणूस अंगावर येतो. तुझे संवाद सगळे लवकर पडतात, कारण तुला भीती वाटते की कुणी हसलं नाही तर. चेक घेऊन उभा असलेला मगनभाई आठ सेकंद तसाच उभा राहू दे. बोलू नको देऊस. लिफ्ट वर जाते, लिफ्ट खाली येते, तो उभा.

आता काम. बावीस पानं बाजूला ठेव, फाडू नकोस. मेंटेनन्सचा सीन फक्त, बारा चौकटी, पेन्सिलने, शब्द नकोत, अगदीच लागले तर पाच. ते शो बघत बसणं आणि शिव्या घालणं आठवडाभर बंद, त्याऐवजी तुला आवडणारा एक जुना एपिसोड घे आणि प्रत्येक सीनखाली लिही की या क्षणी कुणाला काय हवंय. कंटाळा येईल. येऊ दे.

रविवारी दहाला ये, दांडिया बाजारात मी हल्ली मागच्या जिन्याने वर आहे, पुढचा बंद केलाय. सेव उसळ तू आणायचीस, तर्री वेगळी बांधून. आणि येताना एका गोष्टीचं उत्तर आणायचं, कारण तुझ्या बावीस पानांत ते कुठेच नाहीये: पूर ओसरला, नदी परत नदीत गेली, बाकी सगळ्या मगरी गेल्या. मगनभाई का नाही गेला?

तुझी,
क्लासवाली मावशी