शेंडे पांढरे पडले? युरियाचं पोतं बाजूला ठेवा

गोराई-मनोरीच्या खाजणातून, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीतून, शेतकऱ्यांचे आलेले प्रश्न बरेचसे सारखेच आहेत, म्हणून तीनच घेतो.

उधाणाच्या भरतीत उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) तुटली, खाचरात खाडीचं पाणी शिरलं. चौथ्या दिवशी भाताचे शेंडे पांढरे. दुकानदार म्हणतो युरिया वाढवा, वर टॉनिक मारा. एकरी किती टाकू?

एक मूठही नको. तुमच्या भाताला अन्न कमी पडलेलं नाही, मुळाशी मीठ साचलंय. मुळाच्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पटल असतं आणि त्यात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. एक दार आत घुसलेलं सोडियम बाहेर ढकलतं. आणखी एक दार पेशीच्या आतल्या कोठीवर असतं, ते उरलेलं मीठ तिथे कोंडतं. तिसरं, पानाकडे निघालेलं मीठ वाटेतच ओढून घेतं. ही सगळी हमाली रोपाच्या ताकदीवर चालते. त्यात युरिया पडला की कोवळी पानं फुटतात, त्यांना पाणी जास्त लागतं आणि पाण्याबरोबर मीठही वर चढतं. टॉनिकने मुळाशी साचलेलं मीठ कमी होत नाही.

करायचं ते एवढंच: ओहोटीला उघाडी उघडून खारं पाणी पूर्ण काढा, बांधाची भगदाडं बुजवा, पावसाचं पाणी दोन दिवस कोंडून पुन्हा सोडा. दोन-तीन वेळा करा. एवढ्यावरच हिरवी झालेली खाचरं मी कितीतरी पाहिली आहेत. नवं पान निघाल्यावरच युरिया, तोही थोडा थोडा विभागून. पुन्हा सांगतो, नवं पान दिसेपर्यंत युरिया नाही.

जिप्समचं पोतंही गळ्यात मारतील. जिप्सम चोपण जमिनीसाठी, म्हणजे सोडियमने घट्ट झालेल्या जमिनीसाठी. आपली खाजणं बहुतेक नुसती खारट आहेत, ती गोड्या पाण्याने धुतली जातात. आधी माती तपासा, मग खर्च करा. जमिनीची क्षारता (मिठाचं माप) ३ डेसिसीमेन प्रति मीटरच्या वर गेली की भाताचं उत्पन्न घटायला लागतं.

भात दोनदा नाजूक असतो: कोवळं रोप असताना आणि निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना. म्हणून खाजणात महिन्याभराचं रोप लावा, चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) काड्या थोड्या जास्त ठेवा आणि बियाणं पनवेल १, २ किंवा ३ यांपैकीच घ्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल केंद्राने या जाती खारासाठीच काढल्यात. निसवताना खारं पाणी आलं तर लोंबीत पळंजच (पोकळ दाणे) भरेल, तेव्हा उघाडीची डागडुजी पावसाआधीच उरका.

पानांच्या कडा पिवळ्या होऊन वाळतात. हा खार की करपा? दुकानदाराने अँटिबायोटिकची पुडी दिली आहे.

पुडी परत करा. पान कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभं धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी तार सुटली तर कडा करपा, नाहीतर बहुधा खार. करप्याचा जिवाणू फार हुशार आहे. तो पेशीपटलावरचं साखरेचं दार रोपाकडूनच उघडवून घेतो आणि तिथे आयती मेजवानी झोडतो. काही भातांत ते दार त्याला उघडता येत नाही. काहींच्या पटलावर चौकीदार प्रथिन असतं, ते जिवाणू ओळखून आतल्या पेशीला जागं करतं. सुधारित सांबा महसुरी या भाताच्या वाणात दोन्ही आहेत, पण ते वाण खाजणासाठी काढलेलं नाही.

नत्र जास्त झालेल्या खाचरात करपा हमखास भडकतो. म्हणजे इथेही पहिला उपाय युरिया थांबवणं. रोगट खाचराचं पाणी शेजारच्या खाचरात सोडू नका. ओल्या पानांतून फिरू नका. अँटिबायोटिक पुन्हा पुन्हा मारलं की जिवाणू त्याला सरावतो आणि मग काहीच लागू पडत नाही.

मिरची दुपारी मान टाकते. माती ओली आहे, तरी पाणी देतोय.

लगेच थांबवा! माती चिंब झाली की मुळांना हवा मिळत नाही, पेशीतला रस आम्ल होतो आणि पाणी आत घेणारी दारंच मिटतात. पाण्यात उभं राहून रोप तहानलेलं असतं. चर काढा, पाणी वाहू द्या. दुपारी कसलीही फवारणी नको.

योजनांचं थोडक्यात: शेतकरी ओळख क्रमांक आधी काढा, त्याशिवाय महाडीबीटी या सरकारी योजनांच्या संकेतस्थळावर अर्ज पुढे सरकत नाही. मातीचा नमुना कापणीनंतर, खत टाकण्याआधी द्या आणि अहवालात क्षारतेचा आकडा आहे ना ते बघा.